वीस आणि दोन यांची सरासरी

इंदिरा ही नवलाख उंबरे गावातल्या एका छोट्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं डिझाइनचं काम करत होती. तिथे दुधाचे कूलर बनत. पोलादाच्या पातळ प्लेटा एकीला एक लावलेल्या, एका बाजूने कोमट दूध वाहायचं आणि दुसऱ्या बाजूने, उलट दिशेने, गार पाणी. किती प्लेटा लागतील हे इंदिरा ठरवायची. कार्तिकात आई गेल्यापासून घोरावाडी स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहत होती.

चैत्रात आंबीच्या एका डेअरीतून तक्रार आली. दूध चार अंशांपर्यंत गार व्हायला हवं, ते सहाच्या खाली उतरत नव्हतं. कारखान्याचा तरुण मालक श्रीयश याने फोनवरच सांगून टाकलं, की तुमचा ऑपरेटर गार पाण्याची झडप दाबून, अर्धवट बंद ठेवत असणार. डेअरीने ऑपरेटरला पॅनेलवरून काढून क्रेट धुवायला लावलं. इंदिराने तिथे जाऊन तसा रिपोर्ट तेवढा लिहायचा होता.

ऑपरेटरचं नाव सोपान. पन्नाशीचा, आंबीतलाच. रबरी बूट घालून तो मोरीपाशी उभा होता. तिने चौकशी केली तेव्हा त्याने हात पुसले आणि आपली वही आणून दिली. दर तासाची चार तापमानं. दूध आत चौतीस, बाहेर सहा. पाणी आत दोन, बाहेर तेरा. दोन महिन्यांची पानं, मोठ्या सारख्या अक्षरात.

इंदिराने उभ्यानेच पानं चाळली. झडप दाबली असती तर पाणी कमी आलं असतं आणि जास्त तापून बाहेर पडलं असतं. तेरावर राहिलं नसतं.

"झडप कधी कमी केली होती का, भाऊ?"

"न्हाई. पुरी उघडीच हुती. पर मला कुनी इचारलंच न्हाई."

ऑफिसला परतून तिने त्या कूलरची जुनी फाइल उघडली. कूलरच्या एका टोकाला दूध आणि पाण्यातला फरक वीस अंश धरला होता, दुसऱ्या टोकाला दोन. त्यांची सरासरी म्हणून खाली लिहिलं होतं, अकरा. हा फरक सारख्या गतीने कमी होत नाही. सुरुवातीला झपाट्याने घटतो आणि मग पुष्कळ अंतर थोडक्याच फरकावर काढावं लागतं. म्हणून साधी नव्हे, लॉगॅरिदमने काढलेली सरासरी घ्यायची असते. ती आठसुद्धा भरत नव्हती. साठ प्लेटांऐवजी पंच्याऐंशी हव्या होत्या.

तारीख कार्तिकातली होती. कोटेशनपुरता तिने अकराचा आकडा टाकला होता, नंतर बदलू म्हणून. तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. तेरावं उरकून ती कामावर आली तोवर कूलर जोडून झाला होता, आणि तो आकडा ती विसरून गेली होती.

तिने श्रीयशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, प्लेटांवर दुधाचा थर बसला असं लिहा. तुमचंही नाव राहील."

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तो माणूस क्रेट धुतोय."

रिपोर्टमध्ये तिने तेच लिहिलं. पंचवीस प्लेटा नव्याने बसल्या, सोपान पॅनेलवर परत गेला. श्रीयशने मात्र सांगितलं, की यापुढे तिचं प्रत्येक डिझाइन तिच्या हाताखालची प्रेरणा तपासेल. प्रेरणाला हे गणित इंदिरानेच शिकवलं होतं. पहिली फाइल परत देताना त्या पोरीने मान वर केली नाही. जेवणाच्या वेळीही प्रेरणा हळूहळू दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

शनिवारी सोपानचा फोन आला. दूध चारवर आलं होतं. त्याची बायको हिरा हिने उद्या जेवायला बोलावलं होतं. इंदिरा हो म्हणाली.

रविवारी ती साडी नेसून तयार झाली. पायऱ्या उतरून गेटपर्यंत गेली. घरी कोण कोण असतं, हे ते विचारणारच. अनोळखी घरात, चार माणसांत बसून त्याचं उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती वर परतली आणि ताप आहे म्हणून तिने फोन केला.

दुपारी एकला बेल वाजली. दाराच्या भिंगातून सोपान दिसला, हातात डबा. इंदिराने घाईने साडीवर शाल ओढली आणि दार उघडलं.

"हिरानं दिलाय," तो म्हणाला. "मऊ भात हाये. तापात बरा."

तिने आत या म्हटलं.

"नगं, मॅडम. आजारी मान्साला बोलायला लावू न्हाई. पडा तुमी."

ताप नाहीये, एवढंच म्हणायचं होतं. ते तिच्या तोंडून निघेना. तो जिना उतरून गेला. मोटारसायकल वळणाआड होईपर्यंत ती खिडकीत उभी राहिली. मग शाल काढली आणि ओट्यापाशीच उभं राहून तिने सगळा भात संपवला. अजून गरम होता.