चार बोटांचा सूड

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्हाला चार पाय आहेत, पण एकही पाऊल टाकता येत नाही. कान आहेत, पण तोंड नाही. त्यामुळे लोक तुमच्यासमोर वाटेल ते बोलतात. आता असेही समजा, की एक दिवस एक माणूस करवत घेऊन आला आणि त्याने तुमचे दोन पाय खालून चार-चार बोटे कापले. तुम्ही काय कराल?

मी काय केले, ते सांगते. डोळे उघडा आता.

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. एका पडक्या गोदामाच्या तुळयांतून एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. त्याने माझ्या चारही कडांना बोटभर उंच काठ ठेवला. "सांडलेलं टेबलावरच राहील, मांडीवर येणार नाही," असे तो म्हणाला. मग माझ्यावर थाप मारून मालकांना म्हणाला, "आता हे हलवायचं झालं तर आधी तुमची भिंत पाडावी लागेल."

मालक तेव्हा तरुण होते. त्यांनी मला खानावळीच्या दाराजवळ, खिडकीखाली ठेवले. एकटा आलेला माणूस माझ्याकडेच यायचा. अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसायची, मीठ मागायच्या निमित्ताने बोलायला लागायची आणि जेवण संपेपर्यंत एकमेकांना आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगायची. रोज दुपारी मालकीणबाई मला ओल्या फडक्याने पुसायच्या, काठाच्या कोपऱ्यात नख घालून. "या टेबलावर पंक्तीच्या पंक्ती उठल्या, पण याने कधी कुरकुर केली नाही," असे त्या पाहुण्यांना सांगायच्या. मी फुशारून जायचे.

मालकांची मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले आणि आमच्या घरात जावईबापू आले.

जावईबापू फरशा विकायचे. महिन्यातले निम्मे दिवस मोठ्या शहरात फिरतीवर असायचे. तिथल्या नव्या हॉटेलांत फरशा बसवायच्या, तर हॉटेलांत काय नवे निघाले ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसायचे. परत आले, की बॅग खाली ठेवायच्या आधी ते म्हणायचे, "तिकडे आता असं नसतं."

स्वयंपाकघरातून आचारी विचारायचा, "मग कसं असतं, जावईबापू? तिकडे नाकाने जेवतात का?"

मालक मात्र हसत नसत. जावयाचा शब्द मोडायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. "म्हणतात ना, मग होऊ दे," एवढेच ते म्हणायचे.

पहिल्यांदा झाले ते दिव्यांचे. तिकडे म्हणे दिवे लांब तारांना लोंबकळतात. आमच्याकडेही लोंबकळले, आणि उठताना प्रत्येक गिऱ्हाइकाचे कपाळ दिव्यावर आपटू लागले. रस्त्यापलीकडच्या हॉटेलाच्या मालकांना आमच्याकडे सगळे "समोरचे" म्हणत. समोरच्यांचा वेटर आमच्याकडे चहा प्यायला आला आणि कुणी बघत नाहीसे पाहून वितीने तार मोजून गेला. आठवड्याभरात समोर दिवे लोंबकळले. मग कोपऱ्यावर. मग सगळ्या रस्त्यावर. एकानेही विचारले नाही, की हे कशासाठी. समोर आहे ना, मग आपल्याकडे हवेच.

नंतर भिंतीचा गिलावा खरवडला. विटा दिसायला हव्यात म्हणे. सगळ्या रस्त्याने गिलावा खरवडला, आणि जेवणाऱ्यांच्या ताटात भिंतीची माती पडू लागली. पुढे त्याच मोठ्या शहरातला एक गवंडी माझ्यापाशी जेवायला बसला. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "इथेही पाइप फुटला होता वाटतं?" तिकडे गिलावा काढला होता तो गळका पाइप शोधायला. पुन्हा लिंपायला वेळ झाला नाही, एवढेच. मला सगळे कळले, पण सांगणार कुणाला?

मग एकदा जावईबापूंची नजर माझ्यावर पडली.

"सासरेबुवा, हे टेबल आहे की हत्ती? तिकडे आता बारीक पायांची, काचेची टेबलं असतात. माणसाला हलकं वाटतं."

"अहो, पण हे..." मालक म्हणाले.

"बघा बुवा. तुमची खानावळ, तुमचा निर्णय. मी आपला सांगायचं काम केलं."

मालकांनी खाली बघितले. "म्हणतात ना, मग होऊ दे."

मला आडवे करून बाहेर काढायला लागले. पण जावईबापूंनी आधीच काचेचे नवे, अरुंद दार बसवून घेतले होते. माझे पुढचे दोन पाय कसेबसे निघाले आणि मागचे दोन अडकले. काचवाला म्हणाला, "दार काढून देतो, तासाभराचं काम आहे." जावईबापूंनी घड्याळ बघितले. बाहेर काचेच्या टेबलांचा टेंपो उभा होता. त्यांनी स्वतः करवत घेतली.

मित्रांनो, मी दुखण्याबद्दल बोलणार नाही. मी फक्त आवाजाबद्दल सांगते. ज्या लाकडाने कधी कुरकुर केली नव्हती, ते ओरडले, आणि जावईबापू म्हणाले, "बघा, निघालं की."

मालकांची नात तेव्हा दारात उभी होती. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती माझ्यावर बसून पाढे शिकली होती. तिने माझ्या पायांचे ते दोन तुकडे उचलले आणि फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आत गेली. बापाशी ती दोन दिवस बोलली नाही. पुढे सगळे विसरले. मी विसरले नाही.

मागच्या अंगणात, नळाजवळ, मी एका बाजूला कलून उभे राहिले. माझ्यावर कांदे चिरले. माझ्यावर गॅसची टाकी ठेवली. भिंगरी तेवढी वही घेऊन माझ्यापाशी अभ्यासाला बसायची. पावसाळ्यात माझ्या काठांत पाणी साचले आणि कावळे अंघोळ करून गेले. मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. जावईबापू, तुम्ही माझे पाय कापलेत. एक दिवस तुम्हाला याच पायांशी बसवीन.

तोंड नाही, हात नाहीत, चालता येत नाही. मग सूड घ्यायचा कसा? मलाही ठाऊक नव्हते. पण वाट बघण्यात टेबलाचा हात कुणी धरू शकत नाही.

एक दिवस जावईबापू बॅग घेऊन थेट अंगणातच आले. "तिकडे आता ताटं बाद झाली. जेवण लाकडी फळीवर वाढतात. जुनं लाकूड असेल तर विचारूच नका." त्यांनी माझ्या पाठीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. "रविवारी करवतीवाला येईल. याच्या छान फळ्या निघतील."

भिंगरी म्हणाली, "बाबा, मग मी अभ्यास कुठे करू?"

"काचेच्या टेबलावर कर."

"त्याच्यावर वही घसरते."

"मग हळू लिही."

शनिवारी संध्याकाळी मोठ्या शहरातून एक फोटोवाली बाई आली. ती हॉटेले फिरून फोटो काढायची, आणि ती जिथे जेवेल तिथे दुसऱ्या दिवशी रांग लागायची. जावईबापूंनीच तिला बोलावले होते. पण नेमकी त्या संध्याकाळी खानावळ भरून गेली. उभे राहायलाही जागा उरली नाही.

"आजोबा, मागे आपलं टेबल आहे की," भिंगरी म्हणाली.

जावईबापू नको नको म्हणेपर्यंत तिने मला पुसलेसुद्धा, आजीसारखे, कोपऱ्यात नख घालून. बाई आणि तिचा सोबती समोरासमोर बसले. आचाऱ्याने गरम सुपाचा वाडगा बाईपुढे ठेवला. वाडगा हळूहळू सरकायला लागला. बाईपासून निघाला, मधून गेला आणि सोबत्यापुढे येऊन माझ्या काठाला टेकून थांबला. एक थेंब सांडला नाही. बाईने हसत वाडगा परत ओढला. तो पुन्हा निघाला. शेवटी दोघे एकाच वाडग्यात पाव बुडवून खाऊ लागले.

"हे तिरकं मुद्दाम केलंय?" बाईने विचारले.

मित्रांनो, इथे जावईबापूंना खरे सांगता आले असते. टेबल दारात अडकले, मी पाय कापले, संपले. पण समोर कॅमेरा होता.

"म्हणजे काय," ते म्हणाले. "कल्पना माझीच. जेवण आपणहून दुसऱ्याकडे जातं. वाटून खाणं."

तेव्हाच मला कळले, की माझा सूड सुरू झाला. मी काहीच केले नव्हते. मी फक्त तिरके उभे होते.

रविवारी करवतीवाला आला आणि दारातली गर्दी बघून परत गेला. ज्याला त्याला तिरके टेबल हवे होते. मी एकटे, आणि मागणारे शंभर. मग जावईबापूंनी आपल्या लाडक्या काचेच्या टेबलांचे मागचे पाय कापून घेतले. प्रत्येक करवतीला मी मनात म्हणत होते, आणखी थोडे, जावईबापू, आणखी थोडे.

समोरच्यांचा वेटर माझ्यापाशी येऊन बसला. त्याने वितीने माझा पुढचा पाय मोजला, मग मागचा मोजला आणि खूश होऊन गेला. चार बोटे त्याला सापडली. काठ मात्र सापडला नाही. काठ दिसायचा, तर त्याच्यावर टेकलेले आपले कोपर उचलावे लागतात. आठवड्याभरात समोर पाय कापले. मग कोपऱ्यावर. मग सगळ्या रस्त्यावर. कुणाच्याही टेबलाला काठ नव्हता.

आणि मग मित्रांनो, मी संध्याकाळच्या संध्याकाळ ऐकत बसायचे. खळ्ळ! हे समोरचे. खण्ण! हे कोपऱ्यावरचे. धप्प, आणि मग "आई गं", हे आमच्याच खानावळीतले. वाडगे निघायचे आणि थेट मांडीवर जायचे. वेटर मेणकापडाचे एप्रन घालून फिरू लागले. एका नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या पॅंटवर अख्खा रस्सा गेला आणि मुलीकडचे लोक हसले म्हणून ठरत आलेले लग्न फिसकटले. मला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगते, नाही वाटले.

शेवटी त्या रस्त्याला जेवायलाच कुणी येईना. तेव्हा समोरच्यांच्या पाठोपाठ सगळे हॉटेलवाले आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"तुमच्या नादाने आमच्या सगळ्या टेबलांचे पाय गेले," समोरचे म्हणाले.

"मी तुम्हाला करा म्हणायला आलो होतो?" जावईबापू म्हणाले.

"तुमच्याकडे होतं, म्हणून केलं."

"मग दोष या टेबलाचा आहे. अपशकुनी आहे मेलं. आत्ताच्या आत्ता याच्या फळ्या करतो." ते भिंतीला टेकवलेली करवत घ्यायला वळले. मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा सूड वाऱ्यावर गेला आणि मी नुसते लाकूड झाले.

भिंगरी करवतीपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, टेबलाचा काय दोष? पाय तर तुम्ही कापलेत. ते दारातून जात नव्हतं म्हणून."

समोरच्यांनी खाली वाकून माझे मागचे पाय बघितले.

"म्हणजे ती कल्पना नव्हती?" समोरच्यांनी विचारले.

"टेंपोवाल्याला उशीर होत होता," भिंगरी म्हणाली.

आचाऱ्याने पातेल्यात तोंड घातले आणि त्याचे खांदे हलू लागले. समोरच्यांनी कपाळावर हात मारला. "टेंपोवाल्यासाठी आम्ही पाय कापले," ते म्हणाले, आणि जावईबापूंचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला.

मालक पुढे आले. "जावईबापू, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. आज मोडतो. हे टेबल आत जाईल, खिडकीखाली. आणि ते तुमचं काचेचं दार काढून ठेवा."

दार काढले. तासाभराचेच काम होते. मी माझ्या जागेवर आले. भिंगरीने आतून ते दोन तुकडे आणले. इतकी वर्षे ती त्यांच्यावर बाहुल्या बसवत होती. ते तिने बापाच्या हातात दिले.

"तुम्हीच लावा, बाबा."

आणि सगळ्या रस्त्यादेखत जावईबापू गुडघे टेकून माझ्या पायांशी बसले. त्यांनी एक तुकडा लावला, दुसरा लावला. खुंट्या मारायला सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून तुकडे नुसतेच खाली सरकवले. दुसरा जरा सैलच बसला. मी त्यांच्या डोक्याकडे वरून बघितले. मधोमध टक्कल पडायला लागले होते. मी ते मनसोक्त बघून घेतले.

मित्रांनो, नवे काही आवडले तर जरूर आणा. पण आधी खाली वाकून बघा, ते तसे का आहे. आणि जुन्या वस्तूंना पुसत जा, जपत जा. त्या काही बोलत नाहीत, म्हणून त्यांना काही आठवत नाही असे समजू नका.

रात्रीचे जेवण घरच्यांनी माझ्यावरच घेतले. सैल तुकड्याच्या कोपऱ्याला जावईबापू बसले. त्यांच्यापुढे काठोकाठ भरलेला सुपाचा वाडगा होता. तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर मालक होते आणि मध्ये वही घेऊन भिंगरी. जावईबापूंनी सुपाचे दोन घोट घेतले. त्यांचा चेहरा पुन्हा खुलला. चमचा हवेत धरून ते म्हणाले, "सासरेबुवा, तिकडे आता टेबलंच नसतात. तिकडे आता..."

मालकांनी नातीकडे बघितले. मग त्यांनी दोन्ही कोपर आपल्या कोपऱ्यावर टेकले आणि माझ्यावर सगळा भार दिला. जावईबापूंच्या बाजूचा माझा पाय किंचित उचलला गेला.

भिंगरीची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला ती टेबलाखाली शिरली, पेन्सिल तिथेच राहू दिली, आणि तो सैल तुकडा हळूच काढून घेतला. मालकांनी अजून कोपर उचलले नव्हते.