अकरा ठिकाणचा 'आपण'

कंपनीने पाठवलेला टी-शर्ट नातीला दोन मापं मोठा होता, तरी ती तो आठवडाभर घालून फिरत होती. पाठीवर कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली 'विद्यार्थी दूत' ही दोन शब्दांची पाटी.

"अगं, आधी दूत तर हो," सून म्हणाली. "नेमणूक तात्पुरती आहे म्हणालीस ना? बाजारात तुरी..."

"आई, तुझ्या तुरी तुझ्याकडे ठेव."

घरात नातीला टाचणी म्हणतात. लहानपणी ती अंगाने फार बारीक होती म्हणून. आता त्या नावाला दुसरंही कारण आहे.

ही कंपनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी 'सहायक' नावाचं एक अ‍ॅप बनवते. त्याला प्रश्न विचारायचा, ते उत्तर देतं. प्रत्येक कॉलेजात त्यांना आपला एक दूत हवा असतो. टाचणीने अर्ज भरला, फोनवर मुलाखत दिली, आणि तिचं नाव लागलं. पण एका अटीवर. तिने विभागात सभा घ्यायची, चाळीस जणांना अ‍ॅपमध्ये सामील करायचं, आणि सामील होणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोट्स त्यात भरायच्या, कारण सहायक त्या नोट्सवरूनच शिकतो. चाळीस झाले की नेमणूक पक्की. वर्षभर काम नीट केलं की कंपनीत नोकरीच्या थेट शेवटच्या मुलाखतीला बोलावणं. त्याआधी दोन ठिकाणांहून तिला परत पाठवलं होतं. "गुण चांगले आहेत, पण त्याशिवाय काय केलंत?" असं दोन्हीकडे विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा टी-शर्ट होता. ती तो का काढत नव्हती ते मला कळत होतं.

माझं म्हणाल तर मी चौतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं वाचली. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर, मुद्रकाचं मागच्या पानावर. आमचं कुठेच नाही. माझ्या हातून चूक सुटली तरच मी तिथे होतो हे लोकांना कळायचं. हे मला आवडायचं, असं मी तेव्हा म्हणत असे.

सभेच्या आदल्या संध्याकाळी टाचणीने मला भाषणाची फाइल फोनवर पाठवली आणि स्वतःच समोर येऊन उभी राहिली.

"फक्त शुद्धलेखन बघा, आजोबा. ऱ्हस्व-दीर्घ. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"अर्थ लागला तर चालेल ना?"

"तिरकस बोलू नका. मला उद्याची शंभर कामं आहेत."

मी वाचलं. भाषण चांगलं होतं, निदान तिचं होतं. 'आपण सगळे मिळून एक नवा सहायक बनवतोय. आपण आपल्या नोट्स त्यात घातल्या, की आपल्याला तो आपल्या भाषेत शिकवेल.' पानभर तेच. आपण, आपण, आपल्या.

"यातला 'आपण' म्हणजे कोण?" मी विचारलं.

"आपण म्हणजे आपण!"

"तू आणि वर्ग? की तू आणि कंपनी?"

"आजोबा, प्लीज. व्याकरण बघा, नियत बघू नका." आणि ती सभेत वाटायच्या वस्तूंची खोकी भरायला आत गेली.

मग मी जे करायला नको होतं ते केलं: कंपनीच्या अटी वाचल्या. फोनवर, भिंग घेऊन, दीड तास. सातव्या कलमात लिहिलं होतं की एकदा दिलेलं साहित्य कंपनीच्या मालकीचं होईल, ते परत मागता येणार नाही, आणि कंपनी त्याचा हवा तसा वापर करील. बनवणारे एक, देणारे दुसरे. अशा ठिकाणी 'आपण' बसत नाही. ज्याच्याशी बोलतोय त्याला जमेस धरलं तर 'आपण', बाहेर ठेवलं तर 'आम्ही'. हे शाळेतल्या पोरालाही न शिकवता येतं. छापखान्यात मी असा शब्द दिसला की खाली रेघ मारायचो, आणि समासात लाल शाईने लिहायचो. लेखक ते पाहायचा, चिडायचा, कधी मान्य करायचा, कधी माझी रेघच खोडायचा.

फोनवर समास नसतो. मी एका बोटाने 'आपण' पुसलं आणि 'आम्ही' लिहिलं. पुसलेला शब्द कुठे दिसत नाही. अकरा ठिकाणी मी तसं केलं. 'आम्ही एक नवा सहायक बनवतोय. तुम्ही तुमच्या नोट्स आम्हाला दिल्यात, की...' वाक्यं स्वच्छ झाली. मी फाइल परत पाठवली आणि खाली लिहिलं, 'पाहिलं.'

तिने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

सभेला मीही गेलो. "दुसरं खोकं तुम्ही आणा," ती म्हणाली होती, "आणि मागे बसा. कुणाशी बोलू नका." खोक्यात स्टिकर आणि पाण्याच्या बाटल्या होत्या, सगळ्यांवर तेच चिन्ह. विभागाच्या हॉलमध्ये पन्नासेक मुलंमुली होती. भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीच्या समन्वयक बाईंचा चेहरा दरवाजाएवढा मोठा दिसत होता. त्या दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून बोलत होत्या आणि अखंड हसत होत्या.

पुढच्या बाकावर टाचणीची जिवलग मैत्रीण बसली होती. तिला सगळे रजिस्टर म्हणतात. एकही तास न चुकवणारी, प्रत्येक तासाची तारीख घालून नोट्स काढणारी. पहिल्या वर्षी या दोघींनी मिळून, टाचणीच्या खात्यावर, एक सामायिक फाइल उघडली होती. ज्याला जो विषय जमेल त्याने तो लिहायचा, आणि परीक्षेला सगळ्यांनी वापरायचा. आजारी असलेल्यांनी, कामावर जाणाऱ्यांनी, सगळ्यांनी. दोन वर्षांत एकतीस जणांनी त्यात लिहिलं होतं. टाचणीला नोट्स हव्या होत्या त्या याच.

टाचणीला पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही. ती फोन समोर धरून वाचते. तिने वाचायला सुरुवात केली.

"मित्रांनो, आम्ही एक नवा सहायक बनवतोय. तुम्ही तुमच्या नोट्स आम्हाला दिल्यात, की आम्ही..."

ती थांबली. पडद्यावरच्या बाई हसतच होत्या. टाचणीने फोन जरा जवळ धरला. पुढची ओळ पाहिली, तीही तशीच. तिच्या मानेवर लाल डाग उमटलेले मला मागच्या बाकावरूनही दिसले.

"आम्ही म्हणजे कोण गं?" रजिस्टरने बसल्या जागेवरून विचारलं.

"म्हणजे... आपण. लिहिताना चुकलंय."

"वाचताना तर नाही चुकलं. तीनदा म्हणालीस. परवापर्यंत आपल्यात होतीस, टी-शर्ट घातला आणि 'आम्ही' झालीस?"

मागून कुणी तरी ओरडलं, "दूतबाई, आमचा निरोप राजाला सांगा!" हॉल हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"तसं नाहीये, ऐक ना..."

"तुमच्या नोट्स, आम्हाला दिल्यात," रजिस्टरने तिचीच चाल उचलली. "बरोबर आहे की. आमच्याच आहेत त्या. आणि दिल्यावर कुणाच्या होणार? अटी वाचल्यास तू?"

टाचणीने अटी वाचल्या नव्हत्या. हॉलमध्ये त्या वाचलेला मी एकटाच होतो, आणि मला कुणाशी बोलू नका म्हणून सांगितलेलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"शांत राहूया," समन्वयक बाई पडद्यावरून म्हणाल्या. "खरं तर मला तिचं कौतुक वाटलं. बहुतेक दूत सुरुवातीला कंपनीबद्दल 'ते, ते' म्हणतात. ही पहिल्या दिवसापासून 'आम्ही' म्हणतेय. हाच तर आपलेपणा!"

कौतुक करून एखाद्याला इतकं पुरतं बुडवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. रजिस्टर उठली, पिशवी खांद्याला लावली. "घ्या, ठप्पा बसला," म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे रांगच्या रांग उठली. स्टिकर मात्र जाताना पुष्कळांनी उचलले.

सामील झालेल्यांचा आकडा नऊवर थांबला.

घरी येईपर्यंत टाचणी माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. दार लावल्यावर बोलली.

"शुद्धलेखन सांगितलं होतं मी."

"ते चुकीचं होतं," मी म्हणालो. "म्हणजे, व्याकरणाने पाहिलं तर..."

"व्याकरण गेलं खड्ड्यात! अकरा ठिकाणी. मी मोजलं. एका ठिकाणी बोट चुकून पडतं, अकरा ठिकाणी नाही पडत. तुम्ही मुद्दाम केलंत."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, खरंच बदललंत तुम्ही?"

"मला वाटलं की ती पुन्हा वाचेल."

"तुम्ही 'पाहिलं' असं लिहिलंत," टाचणी म्हणाली. "'बदललं' नाही लिहिलं. लाल शाईत असतं तर मला दिसलं तरी असतं. तुम्हाला कंपनी नको होती ना? मग 'नको' म्हणायचं तोंडाने! समोर उभी होते मी. भांडले असते, ओरडले असते, पण मला कळलं असतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदात लपून बसलात. आता माझ्याही फोनमध्ये येऊन लपलात."

"टाचणे, मोठ्यांशी..." सून म्हणाली, पण तिचा आवाज मध्येच विरला. तिलाही ते पटलं असावं.

 खरं सांगायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या 'आपण'पर्यंत ते व्याकरणच होतं. सहाव्या-सातव्याला मला ठाऊक होतं की हे वाचताना ती अडखळेल. तरी मी पुढे गेलो. त्या रात्री आणि नंतरही मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला, पण सातव्यानंतर का थांबलो नाही याला माझ्याजवळ जबाब नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी समन्वयक बाईंचा फोन आला. टाचणी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, मी पलीकडे. तिने फोन मोठ्या आवाजावर लावला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ऐका, असं ते पाहणं होतं. बोला, असंही असेल.

"नऊ म्हणजे कमीच," बाई म्हणाल्या. "पण मी तुझ्यासाठी मार्ग काढलाय. मुलाखतीत सांगितलेली ती सामायिक फाइल तुझ्याकडे आहे ना? तूच उघडलेली आहेस. तूच ती सहायकात भर. त्यात एकतीस जणांचं लेखन आहे. ते आम्ही सहभागी म्हणून धरू. नऊ आणि एकतीस, झाले चाळीस. आज पाचपर्यंत भर, नेमणूक पक्की."

"त्यांना न विचारता?"

"परवानगीची खूण तुझ्या खात्यावरून होते. तुझं एक बटण."

टाचणीचा हात टेबलावर होता. नखं कडेशी कुरतडलेली. ती माझ्याकडेच पाहत होती. मी घसा साफ केला. इतक्या वर्षांत मी फोनवर अनोळखी माणसाशी आपणहून बोललो नव्हतो.

"ते तिच्या एकटीचं नाही," मी म्हणालो. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणालो. "फाइल तिने उघडली, लिहिली एकतीस जणांनी. आणि काल भाषणातले शब्द मी बदलले होते. तिने नाही."



"माफ करा, आपण कोण?" बाईंनी आदराने विचारलं.

"मी तिचा आजोबा. प्रुफं वाचायचो."

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा तिच्याशी बोलू लागल्या, जणू खोलीत पंखा वाजून थांबला होता. "घरच्यांना आधी भीती वाटते, मी समजू शकते. पण निर्णय तुझा आहे. तुझ्या विभागातून आजवर आमच्याकडे कुणीच आलेलं नाही. तू पहिली ठरशील. हे डोक्यात ठेव."

टाचणीने माझ्यावरची नजर काढली. 

"मी नाही भरणार," ती म्हणाली.

"घाई नको. पाच वाजेपर्यंत..."

"पाचपर्यंत मी भरीन, मला माहीत आहे. म्हणून आत्ताच सांगते. माझं नाव काढा."

बाईंचं हसू पहिल्यांदा थांबलेलं ऐकू आलं. "तुझ्या जागी यायला शंभर जण तयार आहेत, हे लक्षात असू दे."

"असू दे," म्हणून तिने फोन कापला.

मी म्हणालो, "टाचणे..."

"तुमच्यासाठी नाही केलं. तुम्ही बोललात, उशिरा बोललात, त्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मला आता नोकरीच्या मुलाखतीत पुन्हा विचारतील, त्याशिवाय काय केलंत, आणि मी काय सांगू? नाही म्हटलं, हे सांगू?" तिचा आवाज फुटला, पण ती रडली नाही. "उठा इथून. मला फोन करायचाय."

मी उठलो. खोलीत जाऊन दार लोटलं, पण ते नीट बसत नाही, फट राहते. रजिस्टरला लावलेल्या फोनची घंटा मोठ्या आवाजावर वाजत राहिलेली मला ऐकू येत होती. सहा वेळा, सात वेळा. मग पलीकडून उचलला गेला.

"ऐक ना," टाचणी म्हणाली. "मी सोडलं ते."

पलीकडचं बोलणं फटीतून नीट लागलं नाही. फक्त फोन कापल्याचा आवाज आला.

तिने पुन्हा लावला.