चार बोटं मुरूम

क्लबचा इतिहास लिहून द्या, असं अध्यक्ष आप्पासाहेबांनी सांगितलं तेव्हा बद्रीनाथ सरांना आधी जांभई आली. मुंबईच्या कुणा बड्या मंडळींनी पगारी खेळाडूंची बास्केटबॉल लीग काढली होती. तीत औरंगाबादेतल्या शहागंजच्या नवयुवक क्लबला जागा मिळणार होती आणि त्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक क्लबची थोडी माहिती छापायची होती. सर क्लबच्या पहिल्या संघात खेळलेले. पुढं शाळेत ड्रिलमास्तरकी करून रोज संध्याकाळी इथल्या पोरांना शिकवत राहिले, तेही फुकट. आता गुडघे बोलायला लागले होते, तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती.

पण लिहायचं काय? निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन तीन वर्षं झाली तेव्हा कापडाच्या दुकानांमागच्या पडीक जागेत क्लब निघाला. त्यापुढचा इतिहास दोन वाक्यांत संपत होता. घरच्या मैदानावर या क्लबनं भल्याभल्यांना पाणी पाजलं. आणि बाहेर गेला की दर वेळी तोंडघशी पडला.

हे असं का, यावर अख्ख्या शहराचं डोकं खाजवून झालं होतं. कुणी म्हणे मनमाडला गाडी बदलण्यात अंग मोडून येतं, कुणी म्हणे पाणी बदलतं. पुण्याची माणसं तर तोंडावर म्हणत की निजामाच्या राज्यात वाढलेली माणसं ही, दबलेली असायचीच. सुरुवातीला हे ऐकून सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग माणूस थकतो. थकल्यावर लोकांचं म्हणणं हळूहळू आपलंच वाटायला लागतं. बाहेरच्या सामन्याआधी सर पोरांना रांगेत उभं करून भिऊ नका म्हणून बजावायचे, आणि ज्या पोराच्या मनात भीती नसेल त्याच्याही मनात ती नेमकी तेव्हाच शिरायची.

या सगळ्याचं तोंडपाठ उदाहरण म्हणजे शौकत. पहिल्या संघातला सर्वांत तयार हात. शहागंजच्या मैदानावर तो चेंडू फेकायचा तेव्हा बघणारे आधीच टाळ्या वाजवायचे, चेंडू रिंगमधून पडायची वाट बघत बसायचे नाहीत. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. राज्याच्या संघाची निवड हैदराबादला होती. निवड झाली की रेल्वेत नोकरी, असं ठरल्यासारखंच होतं. शौकतच्या अम्मीनं नवा पायजमा शिवला, अर्धा मोहल्ला स्टेशनावर पोचवायला गेला. हैदराबादला त्याचे चेंडू एकामागून एक लांब गेले. रिंगच्या मागच्या कडेवर आदळून बाहेर. परत आल्यावर तो इतकंच म्हणाला की हात भ्याला. त्यानंतर शौकत कधी बाहेरगावी खेळला नाही. पुढं घरच्या मैदानावरही येईनासा झाला आणि औरंगपुऱ्यात सायकलचं दुकान टाकून बसला. सर मात्र त्याचं नाव पोरांना सांगत राहिले. एवढा मोठा खेळाडू, पण बाहेर गेला आणि भ्याला, तुम्ही तसं करू नका.

लीगची माणसं मैदान तपासायला आली ती एका मंगळवारी. दोन तरुण, टापटीप, हातात टेप. रेघा मोजल्या, फळी मोजली, मग शिडी लावून रिंगची उंची मोजली. पुन्हा मोजली. मग दुसऱ्या बाजूची मोजली आणि एकमेकांकडं बघून हसले. दोन्ही रिंगा तीन इंच जास्त उंच होत्या. त्यातला एक म्हणाला, खाली घ्या म्हणजे झालं, त्यात विशेष काही नाही.

सर शेजारीच उभे होते. त्यांना कडूबा लोहार आठवला. खांब पुरले त्या दिवशी खांब धरायला सरच उभे होते, विशीतले. कडूबानं दहा फूट मोजले आणि वर चार बोटं, म्हणजे तीनेक इंच, सोडली. सरांनी विचारलं तर म्हणाला, मैदानावर अजून मुरूम पडायचा आहे, तो पडला की बरोबर येईल. आपल्याकडं कुणीही हेच केलं असतं. अंगणात खांब रोवताना, दाराचा उंबरा बसवताना, पुढं पडणाऱ्या मातीसाठी चार बोटं सोडतात. कडूबाचं काही चुकलं नव्हतं. मुरूम पडला नाही, एवढंच. मुरमाच्या गाड्या कुठल्याशा रस्त्याकडं वळल्या, मग पुढच्या वर्षी पडेल म्हणाले, मग त्याच्या पुढच्या वर्षी. पुढं कधीतरी सिमेंट झालं ते जमीन खोदून, होत्या त्याच पातळीला. तोवर मुरमाची आठवण कुणाला राहिली नव्हती. सरांनाही नाही.

कामगारांनी खांबांना नवी भोकं पाडून फळ्या खाली घेतल्या. संध्याकाळी पोरं सरावाला आली. हातांना उंच रिंगची सवय, चेंडूमागून चेंडू लांब जायला लागले. रिंगच्या मागच्या कडेवर आदळून बाहेर. पोरं हसत होती, आज काय झालंय म्हणत होती. सर कडेच्या बाकावर बसले. हे त्यांनी पुण्यात पाहिलं होतं, नागपुरात पाहिलं होतं, सोलापुरात पाहिलं होतं. फक्त हसणारं कुणी नव्हतं तेव्हा.

आप्पासाहेब कापडाचे मोठे व्यापारी. त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की ही गोष्ट इथंच राहू द्या. उद्या लोक म्हणतील, रिंग वर टांगून जिंकत होते. पोरांना आठवडाभरात सवय होईल, कशाला बोभाटा? सर मान हलवत राहिले. आप्पासाहेबांचं चूक नव्हतं. पण सरांच्या डोक्यात तेव्हा क्लब नव्हताच.

शौकतला सांगायचं की नाही, हे दोन दिवस त्यांना सुटेना. सांगितलं तर त्याच्यावरचा डाग जाईल. पण साठीला टेकलेल्या माणसाला तो डाग आता कातडीसारखा झालेला. भ्यालो म्हणून गेलं, हे माणूस कसंतरी पचवतो. मुरूम पडला नाही म्हणून गेलं, हे कसं पचवायचं? सरांना शौकतची कीव आली, आणि स्वतःचा भयंकर कंटाळा आला. शेवटी तिसऱ्या दिवशी ते औरंगपुऱ्यात गेले.

शौकत ट्यूबला ठिगळ लावत होता. त्याचा मुलगा फारूख आत चाकाचे आरे ताणत बसला होता. फारूख हुशार. आयटीआय करून त्याला पुण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं, पण गेला नव्हता. शौकतनं सरांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि क्लबची चौकशी केली नाही. तो कधीच करत नसे.

"शौकत, आपली रिंग उंच होती," सर म्हणाले. "पहिल्यापासून. परवा मोजली."

शौकतचा हात थांबला. "किती?"

सरांनी चार बोटं दाखवली. मग कडूबाचं आणि मुरमाचं सांगितलं, परवाच्या पोरांचं सांगितलं. शौकत त्यांच्या बोटांकडंच बघत होता.

"म्हंजे हैदराबादला मी भ्यालो नव्हतो?"

"नाय."

चहा आला तो तसाच राहिला. शौकतनं हात फडक्याला पुसले, फारूखला काही न सांगता तो उठला आणि रस्त्याला लागला. सर मागं. गुलमंडीतून शहागंजपर्यंत दोघं चालत गेले. मैदानावर दुपारचं ऊन होतं, चिटपाखरू नव्हतं. सरांनी क्लबच्या खोलीतून चेंडू काढून दिला.

शौकतनं तो थोडा वेळ हातात फिरवला. रेघेवर पाय ठेवला. गुडघे वाकवताना त्याचा चेहरा दुखण्यानं आवळला, पण हात वर गेला तो अगदी जुना शौकत. चेंडू गेला, रिंगच्या मागच्या कडेवर आदळला आणि बाहेर पडला. सरांनी तो आणून दिला. दुसरा तसाच. तिसराही तसाच, तिथंच, त्याच जागी आदळून बाहेर.

"अस्साच गेला होता, बद्री," शौकत म्हणाला. "हैदराबादला. अगदी अस्साच."

तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. चला, सुटला एकदाचा, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगावरचं काही उतरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात शौकत खाली सिमेंटवर बसला.

"फारूखला पुण्याहून बोलावणं आलतं," तो म्हणाला. "मीच नको म्हणलो. म्हणलो, बेटा, आपला हात बाहेर चालत नाय. मी जाऊन आलोय, मला ठाऊक हाय. त्यानं ऐकलं. उलटून एक शब्द बोलला नाय."

शौकतची हीच गोष्ट सरांनी किती पोरांना ऐकवली होती, आणि ती पोरं आता कुठं कुठं असतील, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. ते शौकतशेजारी बसले. बसताना गुडघा कटकन वाजला.

मैदानाच्या फाटकाशी स्कूटर थांबली. बाप असा न सांगता उठून गेला म्हणून फारूख शोधत आला होता, हाताला ग्रीस तसंच. बापाला जमिनीवर बसलेला बघून तो धावला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. शौकतनं त्याच्याकडं वर बघितलं.

"बेटा, मैं डरा नै था," तो म्हणाला. "मेरा हाथ ठीक था. तेरेकू खालीपिली रोका मैं."

फारूखला काही कळलं नाही. त्यानं सरांकडं बघितलं, सरांनी मान खाली घातली. मग त्यानं बापाच्या मांडीवरचा चेंडू उचलून बाजूला ठेवला, बापाच्या बगलेत हात घालून त्याला उभं केलं, आणि म्हणाला, "चलो अब्बा, दुकान खुल्लाच छोड के आया मैं."