एकच नेलकटर

"पाय चोरू नकोस. नीट टेबलावर ठेव," पोहण्याचे मास्तर बायकोला म्हणाले आणि स्वतःचे बूट खुर्चीखाली सरकवून बसले.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला. अंगठ्याचं नख कडेने पिवळं पडलं होतं, जाड होऊन जरासं उचललं गेलं होतं. त्याखालचा भुगा त्यांनी छोट्या डबीत खरवडून घेतला. बायको तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली, चोरी तिच्याच घरात सापडल्यासारखी.

"हिला किती वेळा सांगितलं, पाय कोरडे ठेव म्हणून," मास्तर म्हणाले. "तलावावर खराब नखांचं एक पोर मी पाण्यात उतरू देत नाही. आणि माझ्याच घरात ही!"

यात खोटं काहीच नव्हतं. मास्तर रोज काठावर पोरांची रांग लावून नखं तपासत. स्वतः मात्र काठावरही बूट घालून उभे राहत. पाय घसरतो म्हणत. अलीकडे शिकवणंसुद्धा सगळं शिट्टीवर चाले. पाण्यात उतरायचं तर बूट काढावे लागतात, हा बारीक मुद्दा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. घरी पायात मोजे. फरशी बाधते म्हणून. बायकोचं नख पिवळं दिसलं त्या दिवशी तिचा टॉवेल वेगळा झाला, पायपुसणं वेगळं झालं, सपाता दाराबाहेर गेल्या. नेलकटर तेवढं एकच राहिलं. सुट्टीच्या सकाळी मास्तर आत कडी लावून आधी आपली नखं कापत, मग ते बायकोला मिळे. घरच्या कर्त्याचा मान.

"बुरशी दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासणीत नक्की झालं की गोळ्या, काही महिने. त्याआधी रक्त तपासू, लिव्हर ठीक आहे ना बघायला. घाई करायची नाही. नवं नख मुळापासून वाढत येतं, अंगठ्याला वर्षसुद्धा लागतं. बोटांमध्ये ओल ठेवू नका, मोजे रोज धुतलेले घाला, बूट पुरते वाळू द्या. आणि नेलकटर प्रत्येकाचं वेगळं."

"वेगळं?" मास्तरांनी विचारलं.

"वेगळंच. घरात आणखी कुणाला आहे का असं? असेल तर त्यांच्यावरही आत्ताच उपचार हवेत. नाहीतर या बाई बिचाऱ्या गोळ्या गिळणार आणि पुन्हा तिथूनच बुरशी घेणार."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडला.

"आम्ही दोघंच असतो घरी," बायको म्हणाली. "आणि यांचे पाय स्वच्छ आहेत."

तिने टोमणा मारला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ती साक्ष दिल्यासारखी सरळ बोलली आणि चप्पल घालायला वाकली.

बाहेरच्या खोलीत येताच मास्तरांनी तिला थांबवलं.

"तू तसं का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं होतं? तुम्ही होतात की समोर, सांगायला."

मास्तर कंपाउंडरच्या खिडकीकडे वळले.

"आत्ताच तर दाखवून आलात ना?" कंपाउंडर म्हणाला. "चिठ्ठीत काही राहिलं का?"

"नवा नंबर पाहिजे."

"कुणाचा?"

"माझा."

"काय होतंय?"

मास्तर काचेच्या भोकाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला हो! पंख्याच्या आवाजात काही कळत नाही."

मास्तरांनी मागे बाकांवर बसलेल्या पेशंटांकडे एकदा पाहिलं आणि तलावावरचा आवाज लावला.

"नखाला," ते म्हणाले. "बायकोला आहे, तेच. माझं जुनं आहे. तिला माझ्यामुळे झालंय."

बाकांवरची बोलणी थांबली. सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्या तोंडाकडे गेल्या, मग सावकाश खाली बुटांवर उतरल्या. कंपाउंडरने नंबराचा कागद सरकवला.

बायको कडेच्या बाकावर जाऊन बसली होती. मास्तर जवळ आले तशी तिने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली. "आणि लेस आत्ताच सैल करून ठेवा. आत गेल्यावर खोळंबा नको."

मास्तर खाली वाकले, आणि गाठ सुटल्यावरही बराच वेळ वर आले नाहीत.