एका पायाची छत्री

नवऱ्याने वर्षभर घरी बसून भूत बनवावं आणि बायकोने ते एकदाही बघू नये, असं त्या घरात चाललं होतं. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आलेल्या बाईला भुताचं काय कौतुक असणार?

नवरा आधी लिफ्टच्या कंपनीत होता. कोणत्या मजल्यावरच्या माणसाला आधी उचलायचं आणि कोणाला ताटकळत ठेवायचं, हे लिफ्टला शिकवायचं त्याचं काम. ते सोडून त्याने मागच्या खोलीत बूड टेकलं, ते एक छोटासा भीतीचा गेम बनवायला. तेव्हा दोघांत करार झाला होता. वर्षभर घर डॉक्टरीणबाईंनी सांभाळायचं. वर्ष सरलं की त्यांनी स्वतः गेम खेळायचा. घाबरल्या तर नवऱ्याने खुशाल पुढचा गेम करायला घ्यावा, नाही घाबरल्या तर मुकाट्याने लिफ्टकडे परत जावं. करार करताना दोघंही हसत होते. आता वर्ष सरलं होतं आणि नवऱ्याला काही हसू येत नव्हतं.

गेमची कल्पना त्याने जपानी लोककथांमधून उचलली होती. तिकडच्या गोष्टींत म्हणे वर्षानुवर्षं वापरलेल्या आणि मग कोपऱ्यात टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये जीव येतो. मग कंदील रुसतात, चपला रात्रीच्या भटकतात. त्यातली याची लाडकी म्हणजे कागदाची जुनी छत्री. एक डोळा, एक पाय आणि ही लांब जीभ. गेममध्ये तुम्ही पावसातून डोंगरातल्या एका ओसाड धर्मशाळेत शिरता, आणि थोड्या वेळाने ती छत्री एका पायावर उड्या मारत तुमच्या मागे लागते.

ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिला, त्यांची पाचावर धारण बसली होती. बायकोचा भाऊ, एरवी दंड दाखवत फिरणारा गडी, खुर्चीसकट मागे सरकला तो थेट कपाटावर जाऊन आदळला. पण नवऱ्याचं दुःख वेगळंच होतं. सगळे पळत सुटायचे. पळालं की छत्री गाठायची आणि खेळ संपायचा. न पळता जागच्या जागी थांबलं, तर छत्रीही थांबते आणि पुढे खरा शेवट येतो, ही त्याने जीव ओतून केलेली गंमत आजवर कोणाच्याही वाट्याला आली नव्हती.

रविवारी सकाळी त्याने मागच्या खोलीचे पडदे ओढले. बायको चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली. त्याने आपला हेडफोन तिला चढवला, त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक कान मोकळा ठेवला आणि स्वतः मागे उभा राहिला.

"घाबरायला कधी सुरुवात करायची?" तिने विचारलं.

"तू आधी दार तर उघड."

तिने दार उघडलं. धर्मशाळेत पाणी ठिबकत होतं, फळ्या करकरत होत्या. ती प्रत्येक खोलीत शिरून नीट बघत होती, घर भाड्याने घ्यायला आल्यासारखी. ही बाई आता भूत सोडून भिंतीतली ओल शोधणार, असं त्याला वाटलं.

"ओल किती आलीय रे इथे," ती म्हणालीच.

तेवढ्यात बोळाच्या टोकाला छत्री उभी राहिली. धप्. एक उडी. धप्. दुसरी. याच ठिकाणी मेहुण्याने कपाट गाठलं होतं. बायकोने कप खाली ठेवला आणि ती जागची हलली नाही.

"पळ ना," न राहवून तोच म्हणाला.

"कशाला? घाबरलेल्या पेशंटसमोर आपण हालचाल करायची नसते. बघत राहायचं. तो आपणहून तोंड उघडतो."

"घाबरलेला पेशंट तू आहेस. ते भूत आहे."

"बघ हं, थांबली ती."

छत्री खरंच थांबली होती. थांबणारच, त्यानेच तिला तसं शिकवलं होतं. तरी त्याचा ऊर भरून आला. सबंध वर्षात पहिल्यांदा कोणी तरी इथवर पोचलं होतं, आणि तेही घरचंच माणूस. छत्रीने हळूहळू तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

"जीभ एवढी आणि दात एकही नाही?"

"छत्री आहे ती."

"दाढा तरी द्यायच्या होत्यास." ती पुढे झुकून अगदी तपासायच्या थाटात बघू लागली. मग छत्री बोलली, आणि बायको तशीच झुकलेली राहिली.

"आहेस का?" छत्रीने विचारलं होतं.

आवाज खोल आणि घोगरा होता. नवऱ्याने तो कॉम्प्युटरवर खूप खाली उतरवला होता. पण मूळ आवाज याच घरातला. टेबलावरचा माइक तो दिवसभर चालूच ठेवायचा, घरातली करकर, ठिबक, खडखड सगळं टिपायला. संध्याकाळी दार उघडायचं, बायकोची जड बॅग जमिनीवर टेकायची, धप्, आणि मग ती आत हाक मारायची. बॅगेतून त्याने छत्रीची उडी बनवली आणि हाकेतून छत्रीचा आवाज. कच्चा माल म्हणून ते फारच उत्तम होतं. हाकेनंतरची शांतता इतकी स्वच्छ, की कुठे काही कापावंच लागलं नाही.

"आहेस का?" छत्रीने परत विचारलं.

बायकोने हेडफोन दुसऱ्या कानावरूनही सरकवला. "उत्तर द्यायचं बटण कुठलं?"

"उत्तर द्यायचं नाहीये. पळता येतं, हातातला कंदील विझवता येतो, नाही तर छत्री उचलून बाहेर पावसात न्यायची. तो शेवट आहे."

"पण ती विचारतेय ना?"

"हो."

"मग बटण का नाही?"

तो कारण शोधायला गेला तर कारण नव्हतंच. "सुचलंच नाही," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. तिने निमूटपणे छत्री उचलली, पावसात नेली, शेवट बघितला. मग हेडफोन त्याच्या हातात दिला आणि गार झालेला चहा घेऊन उठली. "चांगला केलायस. पण घाबरले नाही मी. उद्या बोलू."

गेम चांगला झाल्याचं बायकोने सांगितलं आणि नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिफ्टचं त्याच्या मनातही आलं नाही. हेडफोन घालून बसल्यावर ती हाक त्याच्या कानावर पडायचीच नाही, ती फक्त माइकला ऐकू जायची. मग हा दुसऱ्या दिवशी ती उकरून काढायचा, खूष व्हायचा आणि हाकेनंतरची शांतता किती छान आलीय म्हणून स्वतःचीच पाठ थोपटायचा. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सोमवारी ती दवाखान्यात गेली आणि तो कामाला बसला. दिवसभर खपून त्याने चौथं बटण केलं. ते दाबलं की छत्री डोळा मिटते आणि जीभ आत घेते, बस्स. मग त्याने हेडफोन खुंटीला अडकवला, माइक बंद केला आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला.

संध्याकाळी कुलूप उघडलं. बायको आत आली, तिने दिवाही लावला नाही, बॅग खाली टेकवली. धप्.

"आहेस का?" तिने आतल्या खोलीकडे बघून विचारलं. उत्तराची वाट न बघता ती सवयीने चप्पल काढायला वाकली.

"आहे," तिच्या कानाशीच तो म्हणाला.

ती अशी दचकली की किल्ल्या एकीकडे आणि चप्पल दुसरीकडे उडाली. ती भिंतीला टेकली आणि तिने छातीवर हात ठेवला.

"केवढी घाबरले मी," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. "हे धरायचं नाही हं."

"करारात कुठे घाबरायचं ते लिहिलं नव्हतं."

"करारात गेम लिहिला होता."

"मग लिफ्टकडे जाऊ?"

तिने किल्ल्या उचलल्या, चप्पल जागेवर ठेवली, दिवा लावला. "ते बघू जेवताना," ती म्हणाली. "आधी परत म्हण बघू."

"काय?"

ती दाराबाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून तिने पुन्हा हाक मारली.