लाल दोऱ्याची किल्ली

लाइनवर मला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'दोनदा' म्हणतात. कमरेचा पट्टा मी दोनदा ओढून बघतो, तारेत वीज नाही ना ते दोनदा तपासतो आणि दोन्ही बाजूंना वीज जमिनीत नेणारे अर्थिंगचे चिमटे लावल्याशिवाय तारेला बोट लावत नाही. "दोनदा, लग्नपण दोनदा केलंस का रे?" असं विचारून दात काढणारे कमी नाहीत. हसा लेको. ही सवय मला ताईने लावली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेत नेताना ताई माझं मनगट घट्ट धरायची आणि म्हणायची, "दोनदा बघ, मग पाय टाक."

तर असा मी शहाणा. आणि या शहाण्यानेच स्वतःच्या कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली.

आमच्याकडे टॉवरवर चढण्याआधी सबस्टेशनात त्या लाइनचा स्विच बंद करतात. चढणाऱ्याने स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घेऊन वर जायचं. तो उतरून स्वतःच्या हाताने कुलूप काढत नाही, तोवर कुणाच्या बापाला दांडा हलवता येत नाही. कुलपाबरोबर मिळालेली दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी तोडून टाकायची, असा नियम आहे.

मी तोडली नाही. सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून बसतात ते माझे भाऊजी, ताईचे यजमान. काम संपल्यावर नुसतं कुलूप काढायला अकरा किलोमीटर जायचं माझ्या जिवावर यायचं. भाऊजी म्हणाले, "अरे, घरचा माणूस बसलाय इथे. किल्ली देऊन ठेव. खाली उतरलास की फोन कर, मी काढतो." मी दिली. हरवू नये म्हणून तिला लाल दोरासुद्धा बांधून दिला. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

त्या दुपारी मी वर तार टॉवरला टेकू न देणारे, फुटलेले चिनीमातीचे कप बदलत होतो. एक बोल्ट गंजून बसला होता, त्यामुळे उशीर झाला. पावणेचारला कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि अर्थिंगच्या चिमट्यापाशी निळा जाळ उठला. लाइन चालू केली होती! सगळी वीज अर्थिंगमधून जमिनीत गेली, सबस्टेशनातला स्विच आपोआप बंद झाला आणि मी वाचलो. चिमट्याचा जबडा वितळला होता. खाली उतरायला मला अर्धा तास लागला.

सबस्टेशनात माझं कुलूप टेबलावर पडलं होतं. भाऊजी माझ्या नजरेला नजर देईनात. "तू रोज साडेतीनला फोन करतोस. मला वाटलं, आज विसरलास. वरून साहेबांचे फोनवर फोन येत होते."

खरं सांगतो, मी त्यांना माफ केलं असतं. माणूस चुकतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट वाचला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहिलं होतं, "दांड्याला कुलूप लावलेलं नव्हतं." म्हणजे मीच बेफिकीर. शुक्रवारी चौकशी होती. हे वाक्य टिकलं असतं तर माझी नोकरी गेलीच होती.

गुरुवारी संध्याकाळी ताई घरी आली. बसलीही नाही. पर्समधून लाल दोऱ्याची किल्ली काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

"ही तुझी तुझ्याकडे ठेव. उद्या म्हण, घाईत कुलूप लावायचं राहिलं. तुला काय, कुठेही काम मिळेल. यांचं वय झालंय आणि दोन मुली आहेत रे पदरात."

"ताई, मी मेलो असतो."

"पण मेला नाहीस ना?"

हे ती चिडून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. मी विचारलं, "भाऊजींनी काय लिहिलंय, वाचलंस का?"

"वाचायचं काय? ते तर घाबरून खरं तेच लिहायला निघाले होते. कुलपाचं मीच सुचवलं."

जाताना तिने सवयीने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि त्या स्पर्शाची मला किळस आली. सख्ख्या बहिणीची किळस. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सबस्टेशनात चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर मी दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कुलूप तिथेच होतं. त्याने दोन्ही लावून पाहिल्या, दोन्ही लागल्या.

"दुसरी तोडायची असते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नाही तोडली, ही चूक माझी. काय शिक्षा व्हायची ती होऊ द्या. पण कुलूप मी लावलं होतं. ते भाऊजींनी या किल्लीने काढलं."

शेजारच्या खुर्चीत भाऊजींनी मान खाली घातली. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"मग ही तुमच्याकडे परत कशी आली?" अधिकाऱ्याने विचारलं.

"ताईने आणून दिली. खोटं बोल म्हणाली."

त्याने लिहायला कागद पुढे ओढला. "सावकाश सांगा, लिहून घेतो. कोण म्हणालं?"

मला ते दोनदा सांगावं लागलं.