न उडालेलं काडतूस

हार्लन आणि वेस या भावांकडे त्यांच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर होतं. शंभरी उलटलेलं, जाड गोळीचं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं. दुकानातली हल्लीची काडतुसं त्या जुन्या पोलादाला सोसत नसत, म्हणून हार्लन घरीच भरायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी दाबून बसवायची, दारू तोलून ओतायची, वर शिशाची गोळी. कॉपर नदीच्या आमच्या पट्ट्यात ही हौस पुष्कळांना आहे, पण हार्लनचं काडतूस फसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तोही हे ऐकवायला चुकत नसे.

रानात मात्र ते रिव्हॉल्व्हर न्यायचा वेस. तो धाकटा. हार्लनचा गुडघा पाइपलाइनच्या कामात गेला होता.

वेसच्या बायकोला, मर्नाला, ते धूड आवडत नसे. साठाव्या वाढदिवसाला तिनं नवऱ्याला नवं कोरं रिव्हॉल्व्हर आणलं. केक कापून झाल्यावर हार्लननं ते उलटसुलट करून पाहिलं.

"छान आहे. तुमच्या परसात ससे फार माजलेत म्हणे."

"तू गप रे," मर्ना म्हणाली. "अस्वल समोर आलं तर त्याच्या हातात चालणारी वस्तू हवी मला."

"माझी काडतुसं चालत नाहीत?"

"काडतुसं चालतात. पण ती बंदूक म्हातारी झालीय."

"म्हातारी आहे म्हणूनच जपून भरतो. विचार नवऱ्याला, एकदा तरी नाही म्हणालीय का ती."

"नाही बुवा," वेस हसत म्हणाला. भावापुढे तो नेहमी असाच हसायचा.

सप्टेंबरात वेस मूसच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला एकटाच गेला. नवं रिव्हॉल्व्हर ट्रकच्या कप्प्यात राहिलं, जुनं कमरेला लागलं. मूस पडला. रायफल झाडाला टेकवून तो मांस सोडवत बसला, आणि वासावर अस्वल आलं. दुसऱ्या दिवशी डोमकावळ्यांची गर्दी पाहून दोन शिकारी तिकडे वळले, तेव्हा तो सापडला.

पोलिसांनी रिव्हॉल्व्हर मर्नाला परत दिलं. सहाही काडतुसं भरलेलीच होती. त्यातल्या एकाच्या टोपीवर घोडा आदळल्याची खूण होती. दुसऱ्यांदा घोडा ओढायला वेसला सवड मिळाली नव्हती.

दफन झालं. चर्चच्या हॉलमध्ये लोकांनी आणलेलं जेवण झालं. त्या आठवड्यात मर्ना हार्लनच्या गॅरेजमध्ये आली आणि रिव्हॉल्व्हर-काडतुसांची पिशवी त्याच्या बाकावर ठेवली.

"ते न उडालेलं काडतूस उघड."

"मर्ना, त्यानं काय होणार आहे?"

"मला बघायचंय."

हार्लननं खूण असलेलं काडतूस गोळी सोडवायच्या पोकळ हातोडीत अडकवलं आणि बाकावर ठोकलं. गोळी निघाली. दारू त्यानं तराजूच्या पारड्यात ओतली. वजन बरोबर होतं. दारू कोरडी होती. त्याचा श्वास जरा मोकळा झाला.

"दारू ठीक आहे," तो म्हणाला. "टोपीच फुसकी निघाली असेल. कारखान्यातूनच येतात कधी कधी तशा."

"असेल?"

मग खात्री करणं भाग होतं. त्यानं ती रिकामी पुंगळी रिव्हॉल्व्हरमध्ये घातली, नळी वाळूच्या बादलीकडे धरली, घोडा चढवला आणि चाप ओढला.

टोपी फट्‌कन उडाली. बारीकसा धूर निघाला.

मर्ना बाकाजवळ सरकली.

"आता कशी उडाली?"

खोटं बोलायला जागा होती, पण त्याला ते सुचलं नाही. "टोपी तळाला टेकलेली नव्हती. पहिला ठोका तिला आत बसवण्यातच गेला. दुसऱ्याला उडाली."

"ती बसवतं कोण?"

"मीच."

"तू तर प्रत्येकावरून बोट फिरवून बघतोस."

"फिरवतो," हार्लन म्हणाला. "बोटांना कळत नाही आता. गारठ्यानं बधिर झालीत."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

मर्नानं कोटाची बटणं लावली. दाराशी थांबून ती म्हणाली, "सांगायचंस. तो नवं घेऊन गेला असता. तू म्हणाला असतास तर गेला असता."

बाकीची पाच काडतुसं हार्लननं मागच्या उतारावर जाऊन उडवली. पाचही पहिल्या ठोक्याला उडाली.

हिवाळाभर तो मर्नाकडे लाकडं फोडून द्यायला जात राहिला. ती बाहेर येत नसे. त्यानं रचलेल्या थप्पीवर बर्फ साचत गेलं आणि ती तेलाची शेगडी जाळत राहिली. एप्रिलमध्ये घर विकून ती मुलीकडे स्पोकेनला गेली. निरोप घ्यायला आली नाही. ती गेल्याचं त्याला पोस्टात कळलं.

उन्हाळ्यात गावातला एक जण पुंगळ्यांची पिशवी घेऊन आला. त्याच्याकडेही तसंच जुनं रिव्हॉल्व्हर होतं.

"एवढी भरून दे."

"दुकानात मिळतात," हार्लन म्हणाला.

"ती याला चालत नाहीत, तुला माहीत आहे."

"मग नको वापरूस."

त्या माणसानं पिशवीचं तोंड बांधलं. वेसबद्दल काही बोलावं असं त्याला वाटत असावं. मग पिशवी उचलून तो निघून गेला. हार्लन दार लावून आत बसला. बाहेर दिवस मावळायला अजून फार अवकाश होता.